पत्ता आतच लिहिलेला असतो : पेशीतील प्रथिनांच्या प्रवासाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. विज्ञानालाही इतिहास असतो, ही गोष्ट मात्र आपल्या शाळांतून फारशी सांगितली जात नाही. विज्ञानाच्या पुस्तकात निष्कर्ष येतो. तो कोणी, किती वर्षे खपून आणि कोणत्या परिस्थितीत काढला, हे येत नाही. त्यामुळे मुलांना वाटते की ही माहिती जणू आकाशातून पडली आहे आणि ती पाठ करणे एवढेच आपले काम. मी इतिहासाचा शिक्षक आहे. म्हणून विज्ञानातील एका प्रश्नाची हकिकत इतिहासाच्या अंगाने सांगण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. पेशीत तयार झालेले प्रथिन आपल्या नेमक्या जागी पोहोचते कसे?

प्रश्नाचे स्वरूप

माध्यमिक शाळेच्या पुस्तकातील पेशीची आकृती आपण सर्वांनी वहीत काढलेली आहे. मध्यभागी केंद्रक, त्याला लागून आंतर्द्रव्यजालिका, एका बाजूस गॉल्गी संकुल आणि इकडेतिकडे विखुरलेल्या तंतुकणिका व लयकारिका. यांना पेशीअंगके म्हणतात. आकृतीला नावे दिली की गुण मिळतात आणि आपण पान उलटतो. परंतु खरा प्रश्न त्या आकृतीतच दडलेला आहे.

प्रत्येक अंगकाचे काम निराळे, म्हणून त्यातील प्रथिनेही निराळी. ही प्रथिने बहुतांशी अंगकांच्या बाहेर, पेशीद्रव्यातील रायबोसोम नावाच्या अतिसूक्ष्म कणांवर, तयार होऊ लागतात. माणसाच्या तंतुकणिकेचेच उदाहरण घ्या. तिच्याजवळ स्वतःचा थोडासा डीएनए आहे. पण त्यावरून ती फक्त १३ प्रथिने बनविते. तिला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिने बाहेरून यावी लागतात. आणि अंगकाभोवती तर स्निग्ध द्रव्याचे पटल असते. प्रथिनासारखा मोठा रेणू त्यातून आपोआप आरपार जाऊ शकत नाही. मग ती आत जातात कशी? आणि लयकारिकेचे प्रथिन तंतुकणिकेत का शिरत नाही?

आपल्या ओळखीचा दाखला देतो. महाराष्ट्रात शिरगाव नावाची गावे अनेक आहेत. रत्नागिरीजवळ आहे, देवगड तालुक्यात आहे, पुणे जिल्ह्यातही आहे. आखाती देशात नोकरी करणाऱ्या मुलाने पाकिटावर नुसते ‘शिरगाव’ लिहिले, तर पत्र घरी पोहोचेल काय? त्यासाठी तालुका, जिल्हा आणि पिनकोड लागतो. भारतात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. प्रथिनावरही असाच पत्ता लिहिलेला असावा, ही कल्पना शास्त्रज्ञांनी मांडली ती त्याच्या एकच वर्ष आधी, १९७१ साली. पण तेथपर्यंत येण्यासाठी आधी पेशी उघडून पाहणे भाग होते.

पेशी उघडणारा कामगार

ही हकिकत बेल्जियममधील लाँग्लिए या खेड्यापासून सुरू होते. तेथे १८९९ साली अल्बर्ट क्लॉड यांचा जन्म झाला. लहानपणीच आई कर्करोगाने गेली. शिक्षण मध्येच सुटले आणि हा मुलगा पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश गुप्तवार्ता विभागासाठी काम केले. युद्ध संपल्यावर, युद्धात सेवा केलेल्यांना माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राशिवाय विद्यापीठात प्रवेश देण्याची सवलत बेल्जियममध्ये निघाली. तिचा लाभ घेऊन क्लॉड लिएज विद्यापीठात दाखल झाले आणि १९२८ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढल्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले.

कोंबड्यांना होणाऱ्या एका कर्करोगाचे कारण शोधता शोधता त्यांनी एक नवी रीत बसविली. पेशी हळुवार चिरडायच्या आणि तो लगदा नळीत घालून यंत्राने गरागरा फिरवायचा. दूध घुसळून लोणी निराळे करावे, त्यातलाच हा प्रकार. जड केंद्रके आधी तळाला बसतात, अधिक वेगाने फिरविले की तंतुकणिका बसतात, त्याहून अधिक वेगाने आणखी बारीक कण. अशा रीतीने पेशीचे निरनिराळे भाग वेगळे करून प्रत्येकाचे काम तपासता येऊ लागले. १९४५ साली क्लॉड, कीथ पोर्टर आणि अर्नेस्ट फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या भ्रूणातील अखंड पेशीचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात जाळीसारखी एक रचना दिसत होती. तीच पुढे आंतर्द्रव्यजालिका म्हणून ओळखली जाऊ लागली.

वाट दिसली

१९४६ साली रुमानियाहून जॉर्ज पालादे हे तरुण डॉक्टर अमेरिकेत आले आणि लवकरच रॉकफेलर संस्थेत क्लॉड यांच्या मंडळीत सामील झाले. त्यांनी जालिकेच्या पटलावर चिकटलेले बारीक कण पाहिले. हेच कण म्हणजे रायबोसोम. १९५५ साली पालादे यांनी त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्याच वर्षी बेल्जियमच्या ख्रिश्चन द दुव यांनी लयकारिकांचा शोध जाहीर केला.

पालादे यांनी अभ्यासासाठी स्वादुपिंड निवडले. अन्न पचविणारी प्रथिने रात्रंदिवस बनवून बाहेर सोडणारा हा अवयव. म्हणजे एका अर्थी प्रथिनांचा कारखानाच. साठीच्या दशकात त्यांनी जेम्स जेमिसन यांच्यासह गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेतले. त्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल फक्त ३ मिनिटे दिले, नंतर साधे अमिनो आम्ल दिले आणि ठरावीक वेळाने काप तपासले. त्या ३ मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवर जणू खूण झाली होती. ही खूण आधी आंतर्द्रव्यजालिकेत आढळली, मग गॉल्गी संकुलाकडे सरकली आणि सुमारे दोन तासांनी पेशीच्या टोकाशी साठलेल्या थैल्यांत जाऊन पोहोचली. प्रथिनांची वाट प्रथमच सापडली. १९७४ सालचे वैद्यकातील नोबेल पारितोषिक क्लॉड, द दुव आणि पालादे यांना विभागून मिळाले.

वाट सापडली खरी, पण त्या वाटेला लागायचे हे प्रथिनाला कळते कसे? काही रायबोसोम जालिकेला चिकटलेले असतात, काही पेशीद्रव्यात मोकळे असतात. बाहेर जाणारी प्रथिने चिकटलेल्या रायबोसोमांवर बनतात आणि पेशीद्रव्यात राहणारी मोकळ्यांवर. परंतु दोन्ही रायबोसोम तपासले तर सारखेच! मग एकाने जालिकेला चिकटायचे आणि दुसऱ्याने नाही, हे ठरविते कोण?

आठ वर्षांचा निर्वासित

येथे या हकिकतीत ग्युंटर ब्लोबेल येतात. त्यांचा जन्म १९३६ साली सायलेशिया प्रांतातील वाल्टर्सडॉर्फ या गावी झाला. तो भाग तेव्हा जर्मनीत होता, आज पोलंडमध्ये आहे. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या आणि या कुटुंबाने घर सोडले. वाटेत ड्रेस्डेन शहर लागले. तेथील फ्राउएनकिर्शे या प्रार्थनामंदिराचा भव्य घुमट आठ वर्षांच्या ग्युंटरने पाहिला. काही दिवसांतच, १३ फेब्रुवारीच्या रात्री, शहरावर बॉम्बवर्षाव झाला. त्या आगीने लाल झालेले आकाश त्याला दुरून दिसले. एप्रिलमध्ये त्याची १९ वर्षांची थोरली बहीण रूथ आगगाडीवरील हवाई हल्ल्यात मृत्यू पावली.

युद्धानंतर हे कुटुंब पूर्व जर्मनीत राहिले. शाळा संपली तेव्हा तेथील राजवटीने ग्युंटरला विद्यापीठात प्रवेश नाकारला, कारण तो ‘भांडवलदार’ वर्गातला ठरविला गेला. वडील जनावरांचे डॉक्टर होते, एवढाच काय तो वर्ग! १९५४ साली तो पश्चिम जर्मनीत गेला, १९६० मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६७ साली डॉक्टरेट घेतली. त्याच वर्षी पालादे यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. पुढले सारे आयुष्य ब्लोबेल यांनी त्याच संस्थेत काढले.

दोन-तीन पानांची कल्पना

१९७१ साली ब्लोबेल आणि त्यांचे सहकारी डेव्हिड साबातिनी यांनी एका ग्रंथात दोन-तीन पानांचे टिपण छापले. कल्पना अशी : बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभीच अमिनो आम्लांचा एक विशिष्ट तुकडा असावा. रायबोसोमातून प्रथिन बाहेर पडू लागले की हा तुकडा सर्वांत आधी डोकावतो. कोणीतरी तो ओळखतो आणि रायबोसोमासकट सगळे बिऱ्हाड जालिकेच्या पटलाशी नेतो. थोडक्यात, पत्ता बाहेरून चिकटविलेला नसतो. तो प्रथिनाच्या अंगातच लिहिलेला असतो.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. या क्षणी ब्लोबेल यांच्याजवळ पुरावा नव्हता, नुसता तर्क होता. तर्क कितीही सुंदर असला तरी तो ज्ञान नव्हे. या तर्काचे ज्ञान झाले ते पुढील चार वर्षांत, आणि ते कसे झाले हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे.

१९७२ साली केंब्रिजमध्ये अर्जेंटिनाचे सेझार मिल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. प्रतिपिंडाची एक साखळी त्यांनी परीक्षानळीत बनविली, तर ती पेशीतून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या साखळीपेक्षा किंचित लांब भरली. आरंभीचा एक तुकडा जास्तीचा होता. हा तुकडा बाहेर जाण्याची खूण असावा आणि काम झाल्यावर कापला जात असावा, असे त्यांनीही सुचविले.

१९७५ साली ब्लोबेल आणि बर्नहार्ड डॉबरस्टाइन यांनी निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी परीक्षानळीत प्रथिन बनविण्याची सामग्री घेतली. तिच्यात सूचना घातली उंदराच्या प्रतिपिंडाची आणि जालिकेची पटले घातली कुत्र्याच्या स्वादुपिंडातील. पटले आरंभापासून नळीत असली, तर प्रथिन पटलाच्या आत गेले, त्याचा आरंभीचा तुकडा कापला गेला आणि बाहेरून टाकलेल्या पाचक द्रव्याला ते सापडेना. प्रथिन पुरते बनल्यावर पटले टाकली, तर ते बाहेरच राहिले, तुकडाही तसाच राहिला आणि पाचक द्रव्याने त्याचा फडशा पाडला. म्हणजे प्रथिन बनत असतानाच आत ओवले जाते, हे सिद्ध झाले. आणखीही एक गोष्ट सिद्ध झाली. उंदराचा पत्ता कुत्र्याच्या पटलाला वाचता आला! प्राण्यांच्या जाती निराळ्या, पण पेशींची ही लिपी एकच.

वाचणारा कोण?

पाकिटावर पत्ता असून भागत नाही, तो वाचणारा पोस्टमन लागतो. १९८० साली पीटर वॉल्टर आणि ब्लोबेल यांनी हा वाचणारा शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याला संकेत ओळखणारा कण म्हणता येईल. तो सहा प्रथिने आणि एका आरएनए रेणूचा बनलेला असतो. संकेत दिसताच तो त्याला धरतो, प्रथिन बनण्याचा वेग कमी करतो आणि रायबोसोमाला पटलावरील आपल्या जागेशी नेऊन पोहोचवितो. तेथे पटलात प्रथिनाचाच बनलेला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून नवे प्रथिन धाग्यासारखे आत सरकते. या बोगद्याची बारीक रचना टॉम रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविली.

इतर अंगकांचे पत्तेही एकामागून एक सापडत गेले. तंतुकणिकेकडे जाणारी बहुतेक प्रथिने आधी पूर्ण बनतात, मग घडी उलगडून तिच्या दारांतून आत ओढली जातात. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात गॉटफ्रीड शात्झ यांच्या प्रयोगशाळेने १९८४ साली एक गमतीदार प्रयोग केला. पेशीद्रव्यात राहणाऱ्या उंदराच्या एका प्रथिनाच्या डोक्याला त्यांनी तंतुकणिकेचा पत्ता जोडला. ते परके प्रथिन मुकाट्याने तंतुकणिकेत गेले! केंद्रकाचा पत्ता आणखी निराळा. तो कापला जात नाही. आपल्या पेशीचे विभाजन होताना केंद्रकाचे पटल विरघळते आणि त्याच प्रथिनांना पुन्हा आत शिरावे लागते. पत्ता फाडून टाकून कसे चालेल? लयकारिकेच्या प्रथिनांना तर गॉल्गी संकुलात साखरेची एक खास खूण लावली जाते.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या झाडांवर चमकणाऱ्या काजव्यानेही या शोधाला हातभार लावला आहे. काजव्याचा उजेड पाडणारे प्रथिन पेरॉक्सिसोम नावाच्या लहानशा अंगकात असते. भारतात जन्मलेले सुरेश सुब्रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९८७ ते १९८९ या काळात दाखविले की, या प्रथिनाचा पत्ता आरंभी नसून अगदी शेवटी आहे, आणि तो अवघ्या तीन अमिनो आम्लांचा आहे.

१९९९ सालचे वैद्यकातील नोबेल पारितोषिक एकट्या ब्लोबेल यांना मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी बहीण रूथच्या स्मरणार्थ ड्रेस्डेनला दिली; फ्राउएनकिर्शेच्या पुनर्बांधणीसाठी आणि त्या शहरात ज्यूंचे नवे प्रार्थनास्थळ उभारण्यासाठी. नवे सिनेगॉग २००१ साली उभे राहिले. फ्राउएनकिर्शेचा घुमट पुन्हा उभा राहून ते मंदिर ऑक्टोबर २००५ मध्ये उघडले. ब्लोबेल १८ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले.

आपला याच्याशी संबंध काय?

पालक मंडळी विचारतील, हे सारे ठीक आहे, पण याचा आमच्या घराशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

ज्या घरात अब्बांना किंवा नानीला मधुमेह आहे, त्या घरात इन्शुलिन हा शब्द सर्वांना ठाऊक असतो. स्वादुपिंडात इन्शुलिन प्रथम ११० अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात बनते. तिच्यातील पहिली २४ अमिनो आम्ले म्हणजे पत्ता. जालिकेत शिरताच ती कापली जातात. पुढे आणखी काटछाट होऊन रक्तात येणाऱ्या इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले उरतात.

पत्ता चुकल्याने होणारे आजारही आहेत. यकृतातील एक प्रथिन पेरॉक्सिसोममध्ये असावे लागते. मूत्रपिंडात खडे साठविणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत हे प्रथिन धडधाकट असूनही तंतुकणिकेत जाऊन बसते, असे लंडनच्या ख्रिस्तोफर डॅनप्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखविले. चुकीच्या जागी त्याचा उपयोग होत नाही आणि कोवळ्या वयातही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दुसऱ्या एका बालरोगात लयकारिकेच्या प्रथिनांवर साखरेची खूणच उमटत नाही. ती प्रथिने पेशीबाहेर फेकली जातात आणि आत कचरा साचत राहतो. तेव्हा नुसते निर्माण होणे पुरेसे नाही, योग्य जागी पोहोचणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

आणि १६ जानेवारी २०२१ पासून भारतात करोनाची जी लस टोचली जाऊ लागली, तिच्यातील पुण्यात तयार झालेली कोविशील्ड आठवा. त्या लशीत करोना विषाणूच्या एका प्रथिनाची सूचना होती आणि त्या सूचनेच्या आरंभी माणसाच्याच एका प्रथिनाचा पत्ता जोडलेला होता. आपल्या पेशीने ते प्रथिन बनवून जालिकेच्या वाटेने पुढे पाठवावे म्हणून! १९७१ सालच्या त्या दोन-तीन पानांतील कल्पना अशा रीतीने आपल्यापैकी कित्येकांच्या दंडापर्यंत येऊन पोहोचली.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, या इतिहासातील माणसे पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. क्लॉड यांच्याजवळ शाळेचे प्रमाणपत्र नव्हते, पालादे परदेशात आलेले, ब्लोबेल यांना त्यांच्याच देशाच्या विद्यापीठाने दार लावलेले. तिघेही बुद्धिमान होते, यात शंका नाही. परंतु एका कायद्याने, एका संस्थेने, एका वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाने त्यांना आत घेतले नसते, तर ती बुद्धी कोठे गेली असती? ज्याप्रमाणे पत्ता वाचणारा नसेल तर प्रथिन दाराबाहेरच राहते, तसेच मुलांचेही होते. म्हणून पालकांना विनंती अशी की, मुलगा असो वा मुलगी, एका वर्षाच्या अपयशाने किंवा घरच्या तंगीने त्यांची शाळा सोडवू नका; शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची, रात्रशाळेची चौकशी करा आणि शिक्षकांना येऊन भेटा.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. यापुढे पुस्तकात एखादे विधान वाचाल, तेव्हा ते पाठ करण्याआधी दोन प्रश्न विचारा : हे प्रथम कोणाच्या लक्षात आले? आणि ते खरे आहे हे त्यांनी कसे ठरविले? उत्तर पुस्तकात नसेल तर शिक्षकांना विचारा. त्यांनाही ठाऊक नसेल तर दोघे मिळून ग्रंथालयात जा. पेशीची आकृती यंदाही वहीत काढावयाची आहेच. तेव्हा नावे लिहून झाली की, एखादे प्रथिन जालिकेतून गॉल्गी संकुलाकडे आणि तेथून बाहेर कसे जाते, ती वाट बाणांनी दाखवून पाहा.